कारणाचा रकाना

बोंगोच्या खडकांपलीकडे रस्ता संपतो.
मग मोटरसायकल ढकलायची,
थर्मासमधला बर्फ वितळायच्या आत
अतिपोकाचं अंगण गाठायचं.
ती आधी तुंब्यातून पाणी देते,
मग लसीची चौकशी करते, मग माझ्या आईची.
बाटली नीट निघाली की आईही नीट असणार,
असा तिचा हिशेब असावा.

गिनी कोंबड्या माणसाळत नाहीत.
अंडी घालतात बाजरीच्या ताटांत, दडवून,
आणि विसरून जातात.
अझुरेनं शोधून आणलेली ती खुडूक कोंबडीखाली ठेवते.
कोंबडीला ठाऊक नसतं,
किंवा असतं, आणि ती बोलत नाही.

पिल्लं निघतात पट्ट्यापट्ट्यांची,
माझ्या अंगठ्याएवढी.
घार बघते, उदमांजर बघतं,
पण त्यांना हाकलता येतं,
अझुरेकडे गलोल आहे, बडवायला पत्र्याचा डबा आहे.
दवाला कसं हाकलायचं?
सकाळच्या गवतावरचं एवढंसं पाणी
पोटाला लागलं की संध्याकाळी पिल्लू मान टाकतं.
ऊन चढेपर्यंत दार उघडायचं नाही,
हे मी तिला पहिल्या वर्षी सांगितलं, पुस्तकात वाचलेलं.
ती म्हणाली, "हो का?"
दार तिनं तेव्हाही लावलेलंच होतं.

तिचं पुस्तक निराळं.
शेण आणि काड्या भरलेलं मडकं
संध्याकाळी वारुळाशी उपडं घालायचं,
पहाटे त्यात वाळवी जमते,
पिल्लांसमोर झटकायची.
हरमॅटनच्या दिवसांत, रात्री ओठ फुटतात तेव्हा,
टोपलीला आतून जुनं लुगडं,
बाहेरून चुलीची राख, अजून कोमट.
आणि आजारी पिल्लू दिसलं की लगेच वेगळं,
भांड्यासकट वेगळं.
"माणसांना जमत नाही एवढं," ती म्हणते.

जूनमधल्या त्या रात्री मी तिथेच अडकलो होतो.
वाऱ्यानं कोठाराचं छप्पर उचललं,
मग खोलीचा एक पत्रा.
पाऊस आत आला, आडवा.
चाळीस पिल्लं होती टोपलीत.
अझुरेनं टॉर्च धरला, मी पत्रा धरला,
तिनं पिल्लं ओंजळीओंजळीनं पदरात घेतली,
पोटाशी, छातीशी, काखेत,
आणि भिंतीला टेकून बसली,
हलली नाही.
बाहेर कडुनिंबावर थोरल्या
ओरडत होत्या, ओरडत होत्या,
जणू वीज हीसुद्धा कुणीतरी चोर.

सकाळी एकतीस.
नऊ तिच्या पायाशी ओळीनं,
पाय ताणलेले, डोळे मिटलेले.
मी वही काढली, पेन सुकवलं.
संख्या. वय. लस दिली/नाही.
शेवटी कारणाचा रकाना.
थंडी लिहू? ओल?
की पत्रा, ज्याचा एक खिळा
गेल्या वर्षीपासून ढिला होता
आणि सगळ्यांना माहीत होता?

ती चूल पेटवत होती, ओल्या काटक्यांनी.
वळून न बघता म्हणाली,
"लिही, माझा डोळा लागला."

मी ते लिहिलं नाही.
दुसरंही काही लिहिलं नाही.
तालुक्याच्या कचेरीत साहेबानं विचारलं,
मी म्हटलं, शाई फुटली.

आता त्या एकतिसांतल्या चोवीस मोठ्या झाल्या आहेत.
दोन अझुरेच्या भावी सासऱ्याकडे गेल्या,
एक मला देऊ केली, मी नको म्हटलं,
मग ती रागावली, मग मी घेतली.
बाकीच्या झाडावर झोपतात,
खोलीत कोंडलं तर एकमेकींना टोचतात.
नवा पत्रा अजून चमकतो.
मी वळणावर इंजिन बंद करतो, तरी ऐकतात,
आणि फांद्यांवरून चोवीसच्या चोवीस
माझ्यावर ओरडतात,
पाच वर्षं येतोय मी,
त्यांच्यासाठी अजून घार.

हो, चोवीसच्या चोवीस.
एकवीस म्हणायला हवं.
तिच्यासमोर मी मोजत नाही.